रोगाची साथ आणि घराचे भाडे : स्टेट कॉलेज गावाची हकीकत

रोगाच्या साथींचा इतिहास लिहिताना मृतांची संख्या मोजली जाते आणि वैद्यांच्या परिश्रमांचे वर्णन केले जाते. ते योग्यच होय. परंतु साथ ओसरल्यावर गावात कोण उरले, कोणाचे घर कोणाच्या हाती गेले, कोणाच्या दुकानाला कायमचे कुलूप लागले, हा भाग बहुधा चार ओळींत आटोपतो. आम्हां मॉरिशसवासी मराठी लोकांना ही उपेक्षा परवडणारी नाही. या बेटावर कोण उंच आणि थंड भागात राहावयास गेला व कोण सखल भागात राहिला, याच्या उत्तराचा एक धागा १८६७ सालच्या तापापर्यंत जाऊन पोहोचतो. त्याकडे पुढे वळूच. आधी ज्या गावाची हकीकत सांगावयाची ते दूर अमेरिकेत आहे, आणि तेथे जे घडले ते अगदी अलीकडे, २०२० साली घडले.

पेन्सिल्वेनिया राज्याच्या मध्यभागी, डोंगरांच्या लांबच लांब रांगांमध्ये निटनी नावाचे खोरे आहे. तेथे १८५५ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक विद्यालय स्थापन झाले. भोवताली शेते, झाडी आणि चुनखडीची जमीन. गाव असे नव्हतेच. विद्यालयाचे पुढे महाविद्यालय झाले, महाविद्यालयाचे पेन स्टेट विद्यापीठ झाले, आणि त्याच्या दाराशी जी वस्ती वाढली तिला लोक ‘स्टेट कॉलेज’ म्हणू लागले. १८९६ साली ती रीतसर नगरपालिका बनली. म्हणजे येथे गावाने विद्यालय काढलेले नसून विद्यालयाने गाव निर्माण केले आहे. आपल्याकडे साखर कारखान्याभोवती जशी गावे वसली, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे ऊस नाही, विद्यार्थी आहेत.

हे विद्यार्थी किती? साथीपूर्वी या एका आवारात सुमारे ४६,००० विद्यार्थी शिकत. त्यांपैकी सुमारे १४,००० विद्यापीठाच्या वसतिगृहांत राहत. बाकीचे गावात आणि आसपासच्या वस्त्यांत भाड्याने बिऱ्हाड करीत. गावाची स्वतःची लोकसंख्या २०१० च्या शिरगणतीत ४२,०३४ होती, आणि तीतही विद्यार्थ्यांचाच भरणा मोठा. शरद ऋतूत फुटबॉलचे सामने होतात. ते पाहण्यास बीव्हर स्टेडियममध्ये एका वेळी लाखाहून अधिक माणसे बसतात. वर्षातून अशा सहा-सात दिवसांवर खाणावळी, हॉटेले आणि कापडाची दुकाने आपल्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा मिळवीत. बेलफाँट, बोल्सबर्ग, लेमाँट यांसारख्या शेजारच्या लहान गावांतही त्या दिवशी पाहुण्यांना खोली मिळत नसे. एकाच खांबावर सगळा मांडव उभा असावा, तशी ही व्यवस्था होती.

११ मार्च २०२० रोजी विद्यापीठाने वर्ग बंद करून शिकवणी दूरस्थ रीतीने चालविण्याचे जाहीर केले. त्या वेळी विद्यार्थी वसंताच्या सुटीवर गेले होते. आठवड्यात परत यावयाचे म्हणून त्यांची पुस्तके, कपडे, सायकली खोल्यांतच राहिल्या होत्या. आठवडाभरात कळले की उरलेले सत्र असेच जाणार. १९ मार्चला राज्याच्या गव्हर्नरांनी जीवनावश्यक नसलेले व्यवसाय बंद करण्याचा हुकूम काढला. रोग गावात पसरण्याआधीच गाव रिकामे झाले.

आता भाड्याकडे पाहू. कारण या हकीकतीचे मर्म तेथे आहे. वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना विद्यापीठाने उरलेल्या दिवसांच्या राहण्याजेवणाचे पैसे हिशेबाने परत केले. रस्त्यापलीकडे खाजगी सदनिकेत राहणाऱ्याला मात्र असे काही मिळाले नाही. त्याने बारा महिन्यांच्या भाडेपट्ट्यावर सही केलेली होती. ऑगस्टपासून ऑगस्टपर्यंत चालणारा हा करार बहुधा आदल्या हिवाळ्यापूर्वीच होतो, आणि त्यावर जामीन म्हणून आईबापांचीही सही असते. तेव्हा मार्च २०२० मध्ये चालू वर्षाचे भाडे तर बांधलेले होतेच, पण येणाऱ्या वर्षाचे करारही पुष्कळांनी आधीच करून ठेवले होते. घरे रिकामी, रस्ते ओस, आणि भाडे मात्र जिथल्या तिथे! अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी घटली की भाव उतरतो असे शिकवितात. पण सही झालेल्या कागदाला मागणीशी काही कर्तव्य नसते.

माझा एक भाचा त्या वर्षी तेथे शिकत होता. मॉरिशसने १९ मार्च रोजी सीमा बंद केल्या. त्या लस घेतलेल्या प्रवाशांसाठी पूर्णपणे खुल्या झाल्या १ ऑक्टोबर २०२१ रोजी. त्यामुळे तो तेथेच अडकला. चौघांनी मिळून एक सदनिका घेतली होती. तिघे अमेरिकन, ते आपापल्या घरी गेले. त्यांपैकी एकाचे भाडे थकले. घरमालकाने थकबाकीची नोटीस पाठविली ती याच्या नावे, कारण करारात चौघेही संपूर्ण भाड्यास एकत्र व वेगवेगळे जबाबदार असे कलम होते, आणि हाताशी सापडणारा माणूस हाच एक होता. परदेशी विद्यार्थ्याच्या परवान्यावर आवाराबाहेर नोकरी करण्याची त्याला मुभा नव्हती. माझ्या बहिणीने क्यूरपीपहून पैसे पाठविले. कागदाप्रमाणे पाहता घरमालकाचे काही चुकले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

‘गिरमीट’ हा शब्द ‘ॲग्रीमेंट’पासून झाला हे आपल्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट ऐकताना आपल्या मनात एकदम तुलना उभी राहते. ती तुलना मी करणार नाही. सदनिकेत बसून थकलेल्या भाड्याची काळजी करणारा विद्यार्थी आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून जहाजात चढलेला आपला पणजोबा यांना एका तागडीत घालणे हा पूर्वजांचा अपमान होईल. साम्य आहे ते एवढेच की संकट येते तेव्हा प्रथम कागद बोलतो, आणि माणसाचे म्हणणे त्यानंतर ऐकले जाते.

दुकानदारांची कहाणी वेगळी. २७ मार्च २०२० रोजी अमेरिकन संसदेचा मदतीचा कायदा झाला. त्यात लहान व्यवसायांना असे कर्ज मिळे की नोकरांचा पगार चालू ठेवल्यास ते माफ व्हावे. ज्याचा हिशेबनीस चांगला आणि बँकेशी ज्याची ओळख जुनी, त्याला ते लवकर मिळाले. नवराबायको मिळून चालविलेल्या दुकानात पगारी नोकरच नसतात. तेथे या कर्जाचा उपयोग थोडा. त्याच कायद्यात प्रौढ माणसाला १,२०० डॉलर देण्याची योजना होती, परंतु आईबापांवर अवलंबून असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यातून वगळले होते. म्हणजे या गावाचे जे मुख्य गिऱ्हाईक, त्याच्याच हाती काही पडले नाही. जुलै महिन्यातील कलामहोत्सव १९६७ पासून भरत आला होता. तोही २०२० मध्ये रद्द झाला. शरद ऋतूत विद्यार्थी परतले, तेव्हा फुटबॉलचे सामने झाले खरे, पण सामान्य प्रेक्षकांविना. त्या प्रचंड स्टेडियमची रिकामी बाके पाहून एखाद्या क्रीडाप्रेमीला खेद झाला असेल. खाणावळवाल्याला ती बाके म्हणजे न आलेली पंगत दिसत होती. सामने पुन्हा भरगच्च झाले ते २०२१ मध्ये.

इतके वाचून कोणी म्हणेल की साथीने हा मुलूख गरीब झाला. तसे घडले नाही, आणि हीच यातली विलक्षण गोष्ट. गावाचा मध्यभाग ओस असताना, भोवतालच्या खेड्यांत आणि वस्त्यांत घरांचे भाव चढू लागले. याची कारणे उघड आहेत. घरबसल्या नोकरी करता येते हे एकदा मालकांना पटल्यावर, फिलाडेल्फिया किंवा न्यू यॉर्कच्या अरुंद सदनिकेपेक्षा डोंगराकाठचे अंगणाचे घर बरे, असे अनेकांना वाटू लागले. त्यातच व्याजाचे दर कोसळले. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर २.६५ टक्के झाला, इतका कमी पूर्वी कधीच नव्हता. विकणारे थोडे, कारण साथीत अनोळखी माणसांना घर दाखवावयास कोण तयार होणार? इमारती लाकूडही महागले होते. या सर्वांचा परिणाम म्हणून साऱ्या अमेरिकेत घरांच्या किमती २०२० च्या आरंभापासून २०२२ च्या मध्यापर्यंत चाळीस टक्क्यांच्या वर वाढल्या, आणि ही लाट खेड्यांपर्यंत गेली. ज्याचे स्वतःचे घर होते तो साथीतून अधिक श्रीमंत होऊन बाहेर पडला. जो घर घेण्यासाठी पै-पै साठवीत होता, तो जेथे होता तेथूनही मागे गेला.

आता आपल्या बेटाकडे येऊ. १८६६ च्या अखेरीस तापाची साथ सुरू झाली आणि १८६७ मध्ये तिने पोर्ट लुईत कहर केला. बेटाची वस्ती तीन लाखांहून थोडी अधिक; त्या एका वर्षात तीस हजारांवर माणसे गेली. कोयनेल मिळेनासे झाले आणि मिळे तेव्हा त्याचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. हा मलेरिया आहे आणि तो डासांमुळे पसरतो हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. सर रोनाल्ड रॉस यांनी डासाचा संबंध दाखविला तो १८९७ मध्ये, आणि पुढे १९०७ साली ते या रोगाच्या पाहणीसाठी स्वतः मॉरिशसला आले. परंतु उंचावरच्या थंड हवेत ताप कमी, इतके लोकांनी अनुभवाने ओळखले. १८६५ मध्ये पोर्ट लुईहून क्यूरपीपमार्गे माहेबूरकडे जाणारी रेल्वे सुरू झालेली होती. ज्यांच्याजवळ पैसा होता ते सकाळच्या गाडीने कचेरीत येऊ आणि संध्याकाळी वर परतू लागले. बोबासें, रोझ हिल, कात्र बोर्न, क्यूरपीप ही नावे बंगल्यांची आणि बागांची झाली. राजधानीतील जुनी घरे मागे पडली. पेन्सिल्वेनियात दीडशे वर्षांनी जे काम दूरध्वनीच्या तारेने केले, ते येथे आगगाडीने केले होते.

मजुराला मात्र वर जाता येत नव्हते. १८६७ च्याच नव्या मजूर कायद्याने गिरमीट संपलेल्या हिंदी माणसालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. परवान्याविना किंवा आपल्या जिल्ह्याबाहेर सापडल्यास त्याला भटक्या म्हणून पकडीत. हा कायदा साथीमुळे झाला असे म्हणता येणार नाही. मळेवाल्यांचा तो जुना हट्ट होता. पण रोग, रेल्वे आणि परवाना या तीन गोष्टी एकाच वेळी आल्या, आणि ज्यांना हलता येत होते व ज्यांना येत नव्हते यांच्यातील अंतर जमिनीवर कायमचे रेखले गेले. आदोल्फ द प्लेव्हित्झ यांनी १८७१ मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. त्यानंतर शाही आयोग नेमला गेला आणि परवान्याचा जुलूम सरकारी दप्तरात नोंदला गेला. पुढे साखरेचे भाव उतरले तेव्हा मळेवाल्यांनी कडेची जमीन तुकडे पाडून हप्त्याने विकण्यास काढली, आणि आपल्या लोकांनी ती घेतली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या खरेदीचे पिवळे कागद अजून पेटीत असतील. ते जपून ठेवावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांचे मोल सोन्याहून अधिक आहे.

स्टेट कॉलेजची नगरपालिका झाली त्याच वर्षी, १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर पळाले, आणि त्यांत कोकणात परतलेले गिरणी कामगार पुष्कळ होते. येथे मात्र उलटे घडले: मजूर दुर्मिळ झाला आणि गिरण्यांना रोजची मजुरी रोज द्यावी लागली, नाक्यानाक्यावर मजुरांची बोली लागे. कोकणात ज्याचे छप्पर आणि दोन गुंठे जमीन शाबूत होती, त्याला ही बोली नाकारण्याची ताकद होती. १९०१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी.

शिरगणतीवरून स्टेट कॉलेजचीच एक गोष्ट सांगावयाची राहिली. अमेरिकेत दर दहा वर्षांनी १ एप्रिल हा गणनेचा दिवस असतो. २०२० मध्ये त्या दिवशी विद्यार्थी आईबापांच्या घरी बसले होते. नियमाप्रमाणे त्यांची गणती महाविद्यालयाच्या गावी व्हावयाची. पण रिकाम्या सदनिकेचे दार ठोठावून कोणास विचारावे? निकाल आला तेव्हा गावाची लोकसंख्या ४०,५०१ निघाली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा दीड हजारांनी कमी. दरम्यान गावाच्या मध्यभागी तर विद्यार्थ्यांसाठी उंच उंच इमारती उठल्या होत्या! सरकारी अनुदाने या आकड्यावर ठरतात, आणि पुढील गणती २०३० मध्ये आहे.

२०२२ च्या शरद ऋतूत गृहकर्जाचा दर सात टक्क्यांवर गेला. ज्यांनी तीन टक्क्यांच्या आत कर्ज घेतले होते ते आता घर विकण्यास राजी नाहीत, कारण विकून दुसरे घ्यावयाचे तर दुप्पट व्याज भरावे लागेल. त्यामुळे बोल्सबर्गसारख्या गावात घर शोधणारी तरुण शिक्षिका किंवा इस्पितळातील परिचारिका आणखी दूरच्या पेन्स खोऱ्यात, नाहीतर डोंगरापलीकडे, जागा पाहते आणि रोज मोटारीने कामावर येते.