दम, ओरडा आणि पंचाचा कान



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि तख्ते डोळ्यांपुढे येतात. परंतु खेळाच्या नियमांनाही इतिहास असतो, आणि तो लढायांच्या इतिहासापेक्षा कमी बोधप्रद नसतो, हे मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. विषय तसा लहानसाच आहे. प्रतिस्पर्ध्याचे चित्त उडावे म्हणून खेळाडू मैदानावर ओरडू लागले, तर पंचाने काय करावे? माझे निम्मे आयुष्य कारखान्यांच्या दाराशी घोषणा देण्यात आणि उरलेले वाटाघाटीच्या मेजाशी आवाज खाली आणण्यात गेले आहे. त्यामुळे या प्रश्नात मला गोडी वाटावी, हे स्वाभाविक आहे.

प्रथम बाहेरच्या जगाकडे पाहू. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नायस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे काढला. त्यांच्या मूळ तेरा नियमांत खांदा मारू नये, धरू नये, ढकलू नये, पाय घालू नये, असे सारे आहे. ओरडण्याविषयी मात्र अवाक्षर नाही. पंच दोन नेमले होते. एकाने माणसांवर लक्ष ठेवायचे, दुसऱ्याने चेंडूवर. आवाजावर लक्ष ठेवणारा कोणी नव्हता. पुढे खेळ वाढला, चुरस वाढली आणि नियमही वाढले. आज फ्री थ्रो घेणाऱ्याचे लक्ष प्रतिपक्षाने आपल्या कृतीने विचलित केले आणि त्याचा नेम चुकला, तर त्याला पुन्हा फेकू देतात. डोळ्यांपुढे हात नाचवणे, चिथावणी देणे यांबद्दल तांत्रिक फाउल दिला जातो. पण चालू खेळात बचाव करणारा ओरडला, तर तो सोबत्याला सावध करतो आहे की समोरच्याला बिचकवतो आहे, हे शेवटी पंचालाच ओळखावे लागते. क्रिकेटमध्ये हेच तत्त्व अधिक कडक आहे. चेंडू खेळणाऱ्या फलंदाजाचे लक्ष क्षेत्ररक्षकाने मुद्दाम विचलित केले, तर आजच्या नियमांप्रमाणे फलंदाजी करणाऱ्या पक्षाला पाच धावा मिळतात.

या दोन्ही खेळांत आवाज हा उपरा पाहुणा आहे. आपल्याकडच्या एका खेळात मात्र तो घरचा यजमान आहे. तो खेळ म्हणजे कबड्डी, आपला जुना हुतूतू. येथे चढाई करणाऱ्याने ओरडलेच पाहिजे. प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी त्याने दम धरायचा, एका श्वासात तो स्पष्ट घुमवायचा, आणि परत येईपर्यंत तुटू द्यायचा नाही. दम उशिरा धरला तर पंच त्याला माघारी बोलावतो आणि समोरच्या पक्षाला गुण व चढाई देतो. समोरच्यांच्या अंगणात दम तुटला तर गडी बाद. म्हणजे या खेळाचा पंच नुसत्या डोळ्यांनी निवाडा करू शकत नाही. त्याला कान द्यावा लागतो.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. एके काळी गावोगाव वेगळा दम आणि वेगळा कायदा होता. आपल्याकडे हुतूतू, बंगालात हा-डू-डू, दक्षिणेत चेडुगुडु. महाराष्ट्रातही संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार चालत. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसे, आणि अमरमध्ये गडी मैदानातच राही, गुण मात्र जाई. आता विचार करा. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला आणि चढाईवाल्याभोवती सात जणांनी गिल्ला केला, तर त्याचा दम तुटला की गिल्ल्यात बुडाला, हे कोणी सांगायचे? यजमान गावचा म्हातारा सांगणार, आणि पाहुण्यांना ते पटणार नाही. बळी तो कान पिळी, हाच तेथला कायदा.

ही अनागोंदी मोडण्याचे काम प्रथम महाराष्ट्राने हाती घेतले. 1918 साली साताऱ्यात नियम बांधण्यात आले. 1923 साली ते छापले गेले, आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाली. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. 1950 साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. दमासाठी ‘कबड्डी’ हा एकच शब्द सर्वत्र ठरला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी या प्रसारासाठी जन्म वेचला. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत खेळाला पदकाचा मान मिळाला.

नियम बांधणाऱ्यांनी आवाजाची वाटणी कशी केली, ते पाहण्यासारखे आहे. चढाईवाल्याचा दम हे त्याचे कर्तव्य ठरले. तो चढाईवर असताना त्याच्याच पक्षातल्या कोणी त्याला ओरडून सावध केले किंवा सूचना दिली, तर समोरच्यांना एक गुण, असा नियम दीर्घकाळ चालत आला आहे. एकट्याने पुढे जायचे ठरले म्हणजे एकट्यानेच जायचे! बचाव करणाऱ्यांना आपसात हाका मारण्यास मोकळीक राहिली, कारण सात जणांना साखळी धरायची असते. परंतु चढाईवाल्याचे तोंड दाबून दम तोडणे हा गुन्हा ठरला. पंचांशी हुज्जत घालणे, त्यांना टोचून बोलणे, बाहेरून शिकवणे हेही गैर ठरले. अशा गोष्टींसाठी आधी समज, मग समोरच्यांना गुण, मग हिरवे, पिवळे, लाल कार्ड अशी चढती शिक्षा आहे. दोन बाजूंना दोन पंच, वर सरपंच, शिवाय रेषापंच आणि गुणलेखक, अशी सारी कचेरीच तेथे भरते.

आता आपल्या मुलखाकडे येतो. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना निघाला. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर कारखाने उभे राहिले. पुढे ती रांग चाकणपर्यंत गेली. कोकण, सातारा, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ येथून माणसे आली. येताना त्यांनी वळकटीबरोबर आपापल्या गावचा खेळही आणला. पहिली पाळी सुटली की वसाहतीच्या मैदानात फक्कीच्या रेषा पडत. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांनी या खेळाला शिस्त दिली. प्रेस शॉपमध्ये आठ तास काढलेल्या माणसाला संध्याकाळी आपला आवाज आपल्यालाच ऐकू यावा, हे सुख काही थोडे नव्हे.

अशाच एका खातेवार सामन्यातली गोष्ट सांगतो. बचावात एक फोरमन होता आणि चढाईवर त्याच्याच हाताखालचा हेल्पर. पंच दुसऱ्या खात्यातला एक फिटर. हेल्पर निदान रेषेपाशी पोचताच फोरमनने कामावरच्या सुरात त्याला नाव घेऊन दरडावले, “उद्या कामावर यायचंय ना?” पोराचा दम तेथेच तुटला. प्रेक्षकांत गलका उडाला. फिटरने शिट्टी वाजवून प्रथम हेल्परला बाद दिले, कारण दम खरोखरच तुटला होता. मग तो फोरमनसमोर गेला आणि म्हणाला, “साहेब, ही समज. पुढच्या वेळी गुण जाईल.” पुढच्या चढाईला फोरमनने पुन्हा तोंड उघडले, आणि गुण गेला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोरमन फोरमन होता आणि फिटर फिटर. पण आदल्या संध्याकाळी एका माणसाला, हुद्दा बाजूला ठेवून, नियमाने बोलता आले होते. हेल्परवर दया दाखवून त्याला वाचवले असते, तर फिटरच्या त्या समजेला काडीचीही किंमत उरली नसती.

मी युनियनचा माणूस असल्यामुळे मला येथे कायद्याची आठवण होते. महाराष्ट्राचा 1971 चा कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंधक कायदा मालकांच्या अनुचित प्रथा सांगतो, तसाच युनियनच्याही सांगतो. मालकाच्या किंवा व्यवस्थापकांच्या घरी जाऊन निदर्शने करणे हे त्यात युनियनच्या बाजूला लिहिले आहे. म्हणजे येथेही अंगण ठरलेले आहे. ज्याच्या घरात लेकरे निजली आहेत त्याच्या दाराशी जाऊन केलेला गोंगाट चळवळीला बळ देत नाही, हे मी पोरांना नेहमी सांगतो. पण त्याच कायद्याने मालकालाही बजावले आहे की युनियनमध्ये जाणाऱ्याला धाकदपटशा दाखवू नये. फोरमनचे ते एक वाक्य मला तेव्हापासून याच सदरात मोडताना दिसते. गलका पन्नास जणांचा असला तरी कधी निरुपद्रवी असतो, आणि हळू आवाजातले एक वाक्य दम तोडू शकते. पंचाने मोजायचे ते आवाजाची उंची नव्हे. त्यामागे कोणता धाक आहे, हे पाहायचे.

अलीकडे खेळात मोठा पालट झाला. मातीच्या जागी मॅट आली, चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपल्या शेजारी बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडानगरीत झगमगाटात सामने झाले. खेळाडूंच्या हाती पैसा आला, याचा मला आनंदच आहे. कष्टकऱ्यांच्या पोरांचा हा खेळ आहे. नियमात दम आजही कायम आहे. परंतु कर्णे आणि संगीत यांच्या कल्लोळात तो ऐकणार कोण? घड्याळ सर्वांना दिसते, आणि ते दमाची जागा घेऊ पाहते. घड्याळ निःपक्षपाती आहे, हे खरे. पण तीस सेकंद संपले एवढेच ते सांगते. दम कोणी तोडला, हे त्याला कळत नाही.

म्हणून आपल्या वसाहतींतल्या आणि चाकणच्या नव्या वस्त्यांतल्या मंडळांना माझी एवढीच विनंती आहे. स्पर्धा भरवा, दिवे लावा, कर्णाही लावा. पण चढाई सुरू झाली की कर्णा बंद ठेवा. पंच दुसऱ्या खात्यातला, दुसऱ्या आळीतला नेमा, आणि त्याला रेषेलगत उभा करा, म्हणजे दम त्याच्या कानावर पडेल. आज तेथे कंत्राटावर काम करणारी पोरे मराठवाड्यातून येतात, तशी बिहारमधूनही येतात. त्यांच्यापैकी कित्येकांना दिवसभर कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी सात जणांसमोर एकट्याने आवाज लावून उभे राहावे आणि तो ऐकण्यासाठी एक माणूस मुद्दाम नेमलेला असावा, एवढा हक्क तरी त्यांना मिळू द्या.