गिरणीच्या छपराखालचे ऑफिस

आपल्या वर्गात काही मुलांचे वडील 'मुंबईला' असत. कुठे, असे कोणी विचारत नसे. गणपतीत आणि शिमग्याला ते घरी येत, चार दिवस राहत आणि धरमतरच्या लाँचने किंवा एस.टी.ने परत जात. त्यांतले बरेचजण गिरणीत होते, हे आपल्याला कळले १९८२ साली, तेच वडील संपामुळे महिनोन् महिने घरी बसले तेव्हा. आता याच घरांतली नातवंडे लोअर परळला डिझाइनच्या, जाहिरातींच्या ऑफिसांत जातात आणि त्यांतल्या काहींच्या डोक्यावर गिरणीचेच छप्पर असते. हे छप्पर टिकले कसे, त्याची ही हकिकत.

जुन्या वास्तूत नवे कलाकाम ही पेणकरांना नवलाची गोष्ट नव्हे. गणपतीचे कारखाने आपल्याकडे राहत्या घरांच्या पडव्यांत आणि माळ्यांवर चालत आले. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर आधी उजेडाची जागा धरतो. गिरणी बांधणाऱ्यांनीही हाच विचार केला होता. विणाईखात्यात तुटलेला धागा दिसला पाहिजे, म्हणून शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे करून काचा उत्तरेकडे बसवत. ऊन थेट आत येत नाही आणि दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो. धाग्यासाठी केलेली ही सोय पुढे चित्रकाराच्या टेबलालाही चालली. उंच छत, बिडाचे खांब आणि मधे भिंत नसलेला लांबलचक मजला, स्टुडिओला आणखी काय हवे? फरक हवेचा. धागा तुटू नये म्हणून कामगार दमट, कोंडलेल्या हवेत राबत. आज तिथे एसी आहे.

पण हे छप्पर कोणाच्या इतिहासप्रेमामुळे टिकले, असे समजू नये. ते टिकले नियमाच्या एका कलमामुळे. मुंबईतली पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढे सव्वाशे वर्षांत गिरणगाव उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या आणि मागे राहिली जमीन, सुमारे ६०० एकर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनीची वाटणी ठरवली. मोकळी जागा आणि बांधकाम पाडून मोकळी होणारी जागा यांचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मात्र उभी इमारत न पाडता आतला वापर बदलला, तर वाटणीचा प्रश्नच येत नव्हता. तेव्हा शेड राखून त्यात ऑफिसे थाटणे सोयीचे झाले. म्हणजे ज्या कलमाने छप्पर वाचवले, त्यानेच त्या छपराखाली राबलेल्या माणसाचे घर लांबवले. वास्तुजतनाच्या कौतुकात ही बाजू सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

१९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करावा असे सुचवले. ते कागदावरच राहिले. २००१ साली नियम बदलला आणि पाडलेल्या बांधकामाखालची जागा वाटणीतून वगळली गेली. आता शेड राखण्याचे कारणच उरले नाही. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला आणि टॉवर भराभर चढले.

तरी काही आवारे राहिली. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' हा संगीत क्लब आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओ सुरू झाला. तो बंद झाला, आवार अजून गजबजलेले आहे. फिनिक्सची चिमणी मॉलच्या मधोमध उभी आहे. कमला मिलच्या आवारात ऑफिसांबरोबर उपाहारगृहेही दाटली आणि डिसेंबर २०१७ मधल्या आगीत तिथे १४ जणांचा जीव गेला. जुन्या वास्तूला नवा रंग देणे सोपे असते, बाहेर पडायची वाट राखणे खर्चाचे.

आणि घरे? २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत काढली. २०१६ च्या सोडतीतली घरे पनवेलजवळ कोन गावात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात निघाली. परळमध्ये हयात घालवलेल्या माणसाला घराच्या निमित्ताने पुन्हा खाडीच्या अलीकडे यावे लागले.

परळच्या त्या ऑफिसांत भिंतीची जुनी वीट मुद्दाम उघडी ठेवलेली असते, जुने खांबही तासून रंगवतात. कोणत्या खात्यात कोण उभे राहत असे, हे मात्र तिथे कुठे लिहिलेले नाही. ते आपल्या घरांत आहे. कोणाच्या पेटीत वडिलांचा गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी किंवा पाळीवरचा एखादा फोटो असेल, तर पुढच्या स्नेहमेळाव्याला घेऊन या. चित्रकलेच्या वर्गात एक टेबल त्यासाठी मोकळे ठेवू.