व्हॉल्व्ह तापेपर्यंत

पांढरकवड्यातल्या एका बिछायत केंद्राच्या मागच्या खोलीत तुम्ही बसला आहात. सतरंज्यांच्या थप्प्या, गंजलेल्या खुर्च्या आणि टेबलावर ३० वॉटचं व्हॉल्व्हचं मशीन. अँप्लिफायर असं इकडे क्वचितच कुणी म्हणतं. मशीन म्हणजे हेच. पत्र्याचं झाकण काढलंत तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. ते सुईनं, हळू हळू मोकळं केलंत.

आता थेट प्लग लावायचा मोह होईल. लावू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या मोठ्या कपॅसिटरच्या आतला पातळ थर झिजलेला असतो. एकदम चारशे व्होल्ट अंगावर आले तर कपॅसिटर फुटतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. म्हणून लाइनमध्ये साधा पिवळा बल्ब सिरीजला जोडा. कागदी कपॅसिटर मात्र सरळ बदला. ते गळायला लागले की आउटपुट व्हॉल्व्हच्या आतली पट्टी लालभडक होते. आणि भोंगा आधी जोडा, मग बटण दाबा. भोंग्याशिवाय चाललेल्या व्हॉल्व्हच्या मशीनचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत जळू शकतो.

बटण दाबता. बल्ब उजळतो, मग मंदावतो. काचेत केशरी धागा दिसू लागतो. तापल्या धुळीचा आणि राळेचा वास नाकात शिरतो, आणि समोरची खोली विरघळत जाते.

थंडी आहे. १९५१ संपत आलंय, देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू आहे. यवतमाळ जिल्हा अजून मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. तुमच्या टेबलावरच्या मशीनचा तर जन्मही व्हायचाय. तुम्ही एका गावाबाहेरच्या झाडाखाली उभे आहात. गावात वीज नाही. जीपच्या बाजूला मोटारीची बॅटरी, तिला जोडलेला व्हायब्रेटर. मधमाशी अडकल्यासारखा तो गुणगुणतोय. आतली पोलादी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून बॅटरीची वीज तोडते-जोडते. तशी तोडल्याशिवाय ट्रान्सफॉर्मरला ती चढवता येत नाही. माईकवर ‘शिकागो रेडिओ’ असं नाव आहे. हेच नाव तुम्ही गांधीजींच्या, नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत पाहिलंय. नाव शिकागोचं, कंपनी मात्र मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची.

वक्ता उभा राहतो आणि सवयीनं ओरडतो. भोंगा कर्कश किंचाळतो, बायका कानांवर पदर घेतात. मशीनवाला धावत जाऊन त्याला सदऱ्याला धरून वीतभर मागे ओढतो.

“वरडू नका भाऊ. बोला नुसतं.”

वक्ता गोंधळतो. मग हलक्या आवाजात सांगू लागतो, की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आहे, पेटीवरचं चिन्ह पाहा आणि मत टाका. शेवटच्या रांगेतला कोलाम म्हातारा मान हलवतो. आवाज न चढवता मागच्या माणसाशी बोलता येतं, हे त्या वक्त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतंय आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतंय. मला या यंत्राचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच वाटतो.

व्हायब्रेटरची गुणगुण हळूहळू टाळ-खंजिरीत मिसळते.

१९७६. केळापूरच्या जगदंबेची नवरात्रातली यात्रा. हे मशीन आता तुमच्या समोर आहे, रंग न उडालेलं, व्हॉल्व्ह ताजे. भजन थांबलं की शोलेच्या संवादांची तबकडी लागते आणि शेवेच्या दुकानातली पोरं गब्बरच्या आधीच पुढचं वाक्य म्हणून टाकतात. मध्येच विजेचा दाब उतरतो, आवाज खोल जातो. एक पोरगा घाईनं व्हॉल्यूम वाढवायला हात घालतो.

“काऊन घाई करून रायला बे? व्हॉल तापू दे.”

एवढ्यात कुणीतरी चार वर्षांच्या मुलीला उचलून आणतं. लाल फराक, एका पायात चप्पल. मशीनवाला तबकडीवरची सुई उचलतो.

“हॅलो, हॅलो. लक्ष द्या मायबाप. लाल फराकातली पोरगी मशीनपाशी हाय. ज्याची असंन त्यानं लवकर या.”

दोनदा सांगतो. कुणी येत नाही. मग तो तिच्या हनुवटीखाली माईक धरतो. मुलगी हुंदका गिळते आणि एवढंच म्हणते, “माय.”

तो आवाज कुठवर जातो ते ऐका. भोंग्याच्या पोटात दुमडलेली लांब वाट आहे. अरुंद तोंडाशी आलेला दाब ती टप्प्याटप्प्यानं मोकळ्या हवेला देते, म्हणून थोड्या वॉटमध्ये तो इतका पल्ला गाठतो. त्यातून तबल्याचा खर्ज येत नाही, पण माणसाचं बोलणं ज्या पट्ट्यात असतं तोच पट्टा नेमका पुढे जातो. शिवाय सांज झाली आहे. जमिनीलगतची हवा निवली की आवाज वर न उडता खाली वाकतो. उभ्या ज्वारीवरून, कपाशीवरून तो शब्द सरकत जातो. बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेतून एक बाई धावत येते. तिच्या हातात दुसरी चप्पल.

आजच्या डीजेच्या भिंतींसमोर उभं राहिलं की छाती हादरते, पण शब्द कळत नाही. हरवलेलं लेकरू त्या भिंतीतून कुणाला सापडणार?

बल्ब आता अगदी मंद जळतोय. तुम्ही पुन्हा मागच्या खोलीत आहात. बल्ब तासभर तसाच ठेवा, मीटरवर व्होल्ट चढताना बघा, मग मशीन थेट लाइनवर घ्या. पूर्वीची दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची लावा, पत्र्याला अर्थिंग द्या. ओल्या मंडपात गाणाऱ्याच्या ओठांना माईकचा झटका बसलेला मी पाहिलाय. घरघर उरली असेल तर आणखी एक कपॅसिटर. व्हॉल्यूमचा खडखडाट थोडा राहील, राहू द्या.

भोंगा पुढच्या खोलीत, गल्लीकडे तोंड करून ठेवलाय. तुम्ही माईक वीतभर लांब धरता आणि आवाज न चढवता म्हणता, “हॅलो.”

खुर्च्या मोजणारा पोरगा पुढच्या खोलीतून विचारतो, “जी? मले म्हणलं का?”