लसनिर्मिती, भारतातील : सार्वजनिक व खाजगी
वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली; परळची हाफकिन संस्था त्याच कार्यातून उभी राहिली. सार्वत्रिक लसीकरणाचा भार पुढे दीर्घकाळ कसौली, कुन्नूर व गिंडी येथील सरकारी संस्थांनीही वाहिला. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये पुण्यात स्थापन केलेली सीरम इन्स्टिट्यूट मात्रांच्या संख्येत जगात अग्रेसर ठरली.

उत्पादनाचे निकष न पाळल्यामुळे जानेवारी २००८ मध्ये त्या तिन्ही सरकारी संस्थांचे परवाने निलंबित झाले. दोष खरे होते. पण आधी आधुनिकीकरण न करता उत्पादन थांबवल्याने सरकार खाजगी पुरवठ्यावर अधिकच विसंबून राहिले. २०१० मध्ये निलंबन उठले. कोव्हिडवरील कोव्हॅक्सिन ही लस मात्र सरकारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि खाजगी भारत बायोटेक यांच्या सहकार्यातून आली.