गॅलव्हंटचं घराणं

१२ मे २०१६ रोजी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीनं ‘गॅलव्हंट’ ही मालिका बंद केली. दोन हंगाम, १८ भाग, आणि एकेक भाग जेमतेम २०-२२ मिनिटांचा. मनात आणलं तर शनिवार-रविवारात अख्खी मालिका बघून होते. एवढ्याशा आयुष्यात तिनं बघणाऱ्यांना जो लळा लावला, तो पुष्कळ दीर्घायुषी मालिकांनाही जमलेला नाही. ती का बंद पडली, हे सगळेच विचारतात. मला त्याआधीचा प्रश्न जास्त ओढून घेतो. चिलखत घातलेले नाइट, राजवाडे, पळवून नेलेल्या सुंदऱ्या, मध्येच फुटणारी गाणी आणि या साऱ्याची मनसोक्त थट्टा, हे मिश्रण मुळात आलं कुठून? माग काढत गेलं की आठशे वर्षं मागे जावं लागतं. मालिकेची मोहिनी आणि तिचं अल्पायुष्य, दोन्हींची कारणं त्या वाटेवरच सापडतात.

आधी मालिका. ४ जानेवारी २०१५ च्या रविवारी ती सुरू झाली. ‘वन्स अपॉन अ टाइम’ या लोकप्रिय मालिकेला हिवाळ्यात काही आठवडे सुट्टी असे. ती पोकळी भरायला दर रविवारी ‘गॅलव्हंट’चे दोन-दोन भाग दाखवले गेले. गॅलव्हंट हा सात राज्यांत नाव गाजलेला नाइट. त्याच्या प्रेयसीला, मॅडलेनाला, राजा रिचर्ड पळवून नेतो. गॅलव्हंट घोडा फेकत ऐन लग्नात पोहोचतो, शत्रूंना लोळवतो, प्रेमाचं मोठं भाषण करतो. मॅडलेना क्षणभर विचार करते आणि राजाचं वैभव निवडते. शौर्यगाथा जिथे संपायची, तिथे ही गोष्ट सुरू होते. नायक घरी बसून दारू पितो, त्याचं पोट सुटतं. त्याला पुन्हा घोड्यावर बसवते ती व्हॅलेन्सियाची राजकन्या इझाबेला. ही भूमिका करणारी कॅरन डेव्हिड जन्मानं आपल्या शिलाँगची.

मालिका रचली डॅन फोगेलमननं. संगीत ॲलन मेंकेनचं, गीतं ग्लेन स्लेटरची. हे तिघं २०१० मध्ये डिस्नेच्या ‘टँगल्ड’साठी एकत्र आले होते. ‘द लिटल मर्मेड’, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ आणि ‘अलादिन’ या चित्रपटांची गाणी बांधणारा संगीतकार म्हणजे हाच मेंकेन. एबीसी वाहिनीही डिस्नेच्याच मालकीची. म्हणजे परीकथेला ज्या हातांनी सूर दिले, त्याच हातांनी, त्याच घरात बसून, परीकथेची थट्टा मांडली. याचा परिणाम कानाला लगेच कळतो. शब्द खट्याळ असतात, पण चाल पूर्ण निष्ठेनं बांधलेली असते. एकमेकांवरचा राग मोजत जाणारं प्रेमगीत असो की चाच्यांचं कोरस, सूर कुठेही पातळ होत नाही. विनोद विसरला तरी चाल डोक्यात राहते.

या मालिकेला सगळ्यात जवळचा पूर्वज म्हणजे ‘द प्रिन्सेस ब्राइड’. विल्यम गोल्डमनची कादंबरी १९७३ ची, रॉब रायनरचा चित्रपट १९८७ चा. आजोबा आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवतात आणि नातू मध्येमध्ये अडवतो. त्याला चुंबनं नकोत, तलवारी हव्यात. गोष्ट पुढे सरकते तसा हा कुरकुरणारा मुलगा तिच्यात ओढला जातो आणि शेवटी आजोबांना उद्या पुन्हा यायला सांगतो. चित्रपटगृहांत या चित्रपटाला बेताचंच यश मिळालं. तो घराघरांत पोहोचला तो नंतर, व्हिडिओ कॅसेटवरून.

अडवणारा हा श्रोता नीट लक्षात ठेवावा. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर तो वेगळ्या वेषात भेटतो.

१९७५ च्या ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’मध्ये तो पहारेकरी होऊन तटावर उभा आहे. राजा आर्थर घोड्याविनाच येतो, त्याचा सेवक मागून नारळाच्या करवंट्या आपटून टापांचा आवाज काढतो, आणि पहारेकरी विचारतो की या थंड मुलखात नारळ आला कुठून. याच चित्रपटावरून २००५ मध्ये ब्रॉडवेवर ‘स्पॅमलॉट’ हे संगीत नाटक आलं आणि सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचं टोनी पारितोषिक घेऊन गेलं. त्यात आर्थरच्या गोष्टीइतकीच ब्रॉडवेच्या ठरीव प्रेमगीतांचीही फिरकी घेतली आहे. नाटक गाता गाता स्वतःच्या गाण्यावर बोलतं, हीच खोड ‘गॅलव्हंट’मध्येही दिसते.

आणखी मागे गेलं की १९५५ चा ‘द कोर्ट जेस्टर’ भेटतो. नॉर्मन पनामा आणि मेल्व्हिन फ्रँक यांच्या या चित्रपटात डॅनी के हा विदूषकाच्या वेषात राजवाड्यात शिरलेला साधा माणूस आहे. बंडखोरांच्या टोळीत एक स्त्री सेनानी आहे, आणि नायक तिच्या हुकमात तान्ह्या राजपुत्राला सांभाळतो. खलनायक बॅझिल रॅथबोन. १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये हाच रॅथबोन पूर्ण गांभीर्यानं खलनायक रंगवून गेला होता, त्यामुळे प्रेक्षकाला मूळ आणि विडंबन एकाच चेहऱ्यात दिसत होतं. श्रेयनामावली पडद्यावर येत असताना डॅनी के तिथेच गात असतो, नावांशी झोंबतो, चित्रपटाच्या कारागिरीवरच गाणं म्हणतो. ‘गॅलव्हंट’चा विदूषक गोष्ट सांगता सांगता मालिकेच्या भवितव्यावर गातो, त्याची ही थोरली पाती. ‘द कोर्ट जेस्टर’वर तेव्हाच्या विनोदी चित्रपटाच्या मानानं प्रचंड पैसा ओतला गेला होता आणि पहिल्या खेपेला तो वसूल झाला नाही. पुढे दूरचित्रवाणीवर पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो पाहिला, आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला स्थान मिळालं.

आता एकदम साडेतीनशे वर्षं मागे, लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहात. साल १६०७ च्या सुमाराचं, नाटक फ्रान्सिस बोमाँटचं, नाव ‘द नाइट ऑफ द बर्निंग पेसल’. नाटकाला सुरुवात होते न होते तोच प्रेक्षकांतला एक किराणा व्यापारी उठतो. तुमची ही नेहमीची नाटकं पुरे, आमच्या पेशातला माणूस नायक करा, असं म्हणत तो रंगमंचावर चढतो. पाठोपाठ त्याची बायको. दोघं आपल्या दुकानातल्या उमेदवाराला, रेफला, नाइट करून नाटकात घुसवतात, आणि त्याच्या ढालीवर दुकानातला खलबत्त्याचा बत्ता झळकतो. दुसऱ्या कथानकात मेरीथॉट नावाचा म्हातारा प्रत्येक संकटाला गाणं म्हणून उत्तर देतो. शूरकथा, गाणी, थट्टा आणि अडवणारा प्रेक्षक, सगळा ऐवज एका रंगमंचावर आहे. नाटक सपशेल पडलं. १६१३ मध्ये वॉल्टर बर या प्रकाशकानं ते छापलं आणि अर्पणपत्रिकेत खंत नोंदवली की प्रेक्षकांना त्यातली गंमत उमगली नाही. बरनं छापलं म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोहोचलं.

त्याच काळात स्पेनमध्ये सर्व्हांटिसनं ‘डॉन किहोटे’ ही कादंबरी लिहिली. पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. दुसऱ्या भागातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे, आणि त्याबद्दल ती नायकाशीच बोलतात. ‘गॅलव्हंट’चा दुसरा हंगाम जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाला तो याच रीतीनं. पहिलंच गाणं मालिका बंद न पडल्याच्या आश्चर्यावर होतं. सगळी पात्रं मिळून ते आनंदानं गातात, आणि एमी पारितोषिक कसं हुकलं तेही सांगून टाकतात. सर्व्हांटिसकडून आलेली दुसरी देणगी याहून मोठी आहे. किहोटेला आपण हसत हसत वाचायला घेतो, आणि पुस्तक मिटताना त्याच्या बाजूचे झालेलो असतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चॉसर ‘कँटरबरी टेल्स’ रचत होता. त्यात गोष्टी सांगणाऱ्या यात्रेकरूंपैकी एक स्वतः चॉसर. त्याच्यावर गोष्ट सांगायची पाळी येते तेव्हा तो सर थोपस नावाच्या नाइटची कथा एका ठेक्यात म्हणायला लागतो. थोपस स्वप्नातल्या परीराणीच्या प्रेमात पडतो, तिच्या शोधात घोडा उधळतो, समोर राक्षस आला की चिलखत घरी राहिलं म्हणून परत फिरतो. मग चिलखत चढवण्याचंच वर्णन लांबत जातं. अखेर खानावळीचा मालक हॅरी बेली वैतागून त्याला गप्प करतो. कथा ओळीच्या मध्यात तुटते आणि चॉसरला गद्याकडे वळावं लागतं. शौर्यगाथेचं विडंबन श्रोत्यानं मध्येच बंद पाडलं, आणि ते बंद पाडणंही कवीनंच रचलं होतं. ठेका इतका अचूक पकडलेला आहे की असल्या शेकडो गाथा ज्याला मनापासून आवडल्या असतील, त्यालाच तो पकडता यावा.

माग सरतेशेवटी फ्रान्समध्ये पोहोचतो. आरासचा आदाम द ला आल यानं १२८३ च्या सुमारास नेपल्सच्या दरबारात ‘रोबँ आणि मारियों’चा गाता खेळ मांडला. त्यात घोड्यावरचा नाइट एका मेंढपाळ मुलीला भुलवू बघतो, आणि ती त्याला साफ वाटेला लावते. त्याच्याही आधीची ‘ओकासँ आणि निकोलेत’ ही कथा एक भाग गाऊन, एक भाग सांगून पुढे जाते. गायच्या ओळींसोबत सुरांच्या खुणाही टिकल्या आहेत. यातला ओकासँ हा गढीच्या मालकाचा मुलगा, पण प्रेमात एवढा बुडालेला की शत्रू दारात आला तरी लढायला उठत नाही. चादरींचा दोर करून खिडकीतून निसटते ती निकोलेत. दोघं भटकत एका अजब देशात येतात. तिथला राजा बाळंतपणाच्या खाटेवर पडलेला असतो, राणी सैन्य घेऊन रणात असते, आणि लढाई चालते ती अंडी, फळं आणि ताज्या चीजनं. शेवटी निकोलेत शाहिराचा वेष घेते आणि आपलीच कहाणी गात प्रियकरासमोर उभी राहते. घरी बसलेला नायक, वाट काढणारी नायिका, उलट्या रिवाजांचं राज्य: ‘गॅलव्हंट’चा आराखडा आठशे वर्षांपूर्वी तयार होता. ही कथा उरली आहे ती एकाच हस्तलिखितात.

इतक्या मुक्कामांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. शौर्यगाथा ऐकताना आपल्या प्रत्येकात एक शंकेखोर बसलेला असतो. घोडा दमत कसा नाही, राजकन्येला काही मत नाही का, हे तो विचारत राहतो. गंभीर गाथा त्याला दाराबाहेर ठेवते. हे घराणं त्याला आत बोलावतं, किराणा व्यापाऱ्यासारखी रंगमंचावर खुर्ची देतं, त्याची प्रत्येक हरकत आधीच स्वतः घेऊन टाकतं. त्याचं शस्त्र संपलं की गोष्ट त्याला जिंकू लागते, आणि इथे गाणं कामाला येतं. वाक्याशी वाद घालता येतो, चालीशी घालता येत नाही.

‘गॅलव्हंट’मध्ये हे सर्वांत सुंदर साधलं ते राजा रिचर्डच्या बाबतीत. टिमथी ओमंडसननं उभा केलेला हा राजा सुरुवातीला हट्टी, भित्रा, लाडावलेला खलनायक आहे. दुसऱ्या हंगामात त्याचं राज्य जातं. त्याच्याजवळ एक सरडा असतो, नाव टॅड कूपर. रिचर्डला खात्री असते की तो ड्रॅगन आहे. सगळे त्याला हसतात, आपणही हसतो. तो मात्र त्या सरड्याला काळजीनं सांभाळतो, त्याच्याशी मानानं बोलतो. मालिकेच्या अखेरीला टॅड कूपर खरोखरच ड्रॅगन निघतो. त्या क्षणी कळतं की रिचर्डवर आपण ज्या विश्वासासाठी हसलो, त्याच विश्वासाची आस आपल्यालाही लागून होती.

शंकेखोराला जिंकायला वेळ लागतो, आणि अमेरिकन वाहिन्यांच्या व्यवहारात तो वेळ मिळत नाही. दर भागाला नवी गाणी लिहायची, ध्वनिमुद्रित करायची, नृत्यं बसवायची, त्यावर मध्ययुगाचे पोशाख आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातलं चित्रीकरण. हा खर्च रविवारच्या ठरावीक वेळेला किती जणांनी वाहिनी लावली, या एका आकड्यावर तोलला जातो. नाट्यगृहात तिकीट काढून येणारा माणूस मनाची तयारी करून येतो, म्हणून ‘स्पॅमलॉट’ चाललं. वाहिनीसमोर माणूस योगायोगानं बसतो. १९९० मध्ये याच एबीसीवर ‘कॉप रॉक’ ही गाणाऱ्या पोलिसांची मालिका ११ भागांत आटोपली. पुढे ‘श्मिगडून!’ ही संगीत नाटकांची लाडकी थट्टा करणारी मालिकाही दोन हंगामांनंतर २०२४ मध्ये थांबवली गेली.

‘गॅलव्हंट’ बंद पडली याचं दुःख मला खरंच आहे. मॅडलेनाची गोष्ट अर्ध्यावर राहिली, तिसऱ्या हंगामातली गाणी कधी लिहिलीच गेली नाहीत, आणि ही हानी भरून निघणारी नाही. पण या घराण्यात एखादी कृती टिकते की नाही, हे पहिल्या रात्रीच्या गर्दीवर कधीच ठरलेलं नाही. कुणा लेखनिकानं एक प्रत उतरवली, कुणी पडलेलं नाटक पदरचे पैसे घालून छापलं, कुणी कॅसेट शेजारच्या मुलाला बघायला दिली. ‘गॅलव्हंट’चं काम आता तिच्या प्रेक्षकांकडे आलं आहे. ज्याला शूरकथा आवडतात आणि त्यांच्यावर हसायलाही आवडतं, अशा एका माणसाला ती दाखवावी. पहिले दोन भाग तो कुरकुर करील. करू द्यावी, त्याची खुर्ची आठशे वर्षांपासून राखून ठेवलेली आहे.