तळटीप १४ : खिडकीतला तरवा

१४. ‘मार्चात खिडकीत जागा नाही’ : प्रागमध्ये हा दोष घराचा नव्हे, टोमॅटोचा. त्याला फळावर यायला लांब उबदार हंगाम लागतो, तिथला उन्हाळा तेवढा पुरत नाही. म्हणून बाहेरच्या लावणीआधी ६ ते ८ आठवडे बी घरातच टाकतात. मिरचीचं त्याहूनही आधी, ती उगवायलाच आळशी. दह्याचे रिकामे डबे बुडाशी भोक पाडून चालतात. खरी कसोटी उगवल्यानंतर. उजेड एकाच बाजूचा, त्यामुळे रोपं लुकडी होऊन काचेकडे झुकतात; डबे रोज फिरवावे लागतात. पाणी जास्त झालं की मातीलगत देठ मऊ पडून रोप आडवं होतं. आपल्या वाफ्यातलं ‘रोपं कोलमडणं’ ते हेच. लावणीचा मुहूर्त जवळजवळ पंचांगातला : पांक्रात्स, सेर्वात्स, बोनिफात्स हे तीन ‘बर्फाळ पुरुष’ (१२, १३, १४ मे) आणि पाठोपाठ झोफिए (१५ मे) या संतांचे दिवस टळले, की रात्रीच्या हिमाची धास्ती सरली असं लोक मानतात. त्याआधी आठवडाभर रोपं दिवसा बाहेर, रात्री घरात. ‘तरवा’ हा शब्द खरा भाताच्या रोपांचा; लेखिकेने तो टोमॅटोला लावला आहे, आम्ही तसाच ठेवला. – संपा.