धुऱ्यावरचे ससे, धुऱ्यावरचं खोकड

खोकडाचं वजन जेमतेम दोन-तीन किलो. वऱ्हाडातला भरलेला ससाही तेवढाच, कधी त्याहून जड. त्यामुळे थोराड ससा खोकडाच्या हाती क्वचितच लागतो. खोकड पळवतं ती सशाची पिल्लं. एरवी उंदीर, टोळ, वाळवी, सरडे आणि बोरं यांवर त्याचं भागतं.

सशाला बीळ नसतं. मादी गवताच्या आडोशाला पिल्लं घालते. अंगावर केस, डोळे उघडे, अशीच ती जन्मतात आणि दिवसभर हूं की चूं न करता दबून बसतात. आई पाजायला येते ती अंधार पडल्यावर. आडोसा दाट असेल तर पिल्लू वाचतं.

हा आडोसा गेली दीडशे वर्षं आक्रसतो आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इथल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली; १८७० मध्ये खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय मेयो यांनी सुरू केला. रुळांमागोमाग कपाशी पसरली आणि कुरणं, पडीत जमिनी वखराखाली गेल्या.

तरीही जुन्या शेतात सशाला जागा होती. कपाशीच्या ओळींमधली तूर जानेवारीपर्यंत उभी असायची, ज्वारीची धसकटं मागे राहायची, धुऱ्यावर बोरी-बाभळी आणि कुसळी गवत असायचं. मग सोयाबीन आलं. ऑक्टोबरात ते निघालं की, हरभरा पेरला नसेल तर, वावर उघडं पडतं. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट, त्यामुळे तिथे उन्हाळ्यात हिरवं काही शोधूनच काढावं लागतं. आता धुऱ्यावर तणनाशकही मारलं जातं.

खोकडाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात. घरात खाणारी तोंडं वाढलेली, पऱ्हाटी उपटलेली, तुरी निघालेल्या. सशाला लपायला उरते ती धुऱ्याची आणि नाल्याकाठची चिंचोळी पट्टी. उंदीरही तिथेच, म्हणून खोकडाची फेरीही तिथूनच, आणि गावची मोकाट कुत्रीही तिथेच हुंगत फिरतात. अशा पट्टीत दडलेलं पिल्लू सापडायला वेळ लागत नाही.

स्वीडनमध्ये १९७० आणि ८० च्या दशकांत खरजेच्या साथीने तिथली लाल खोकडं मेली, तेव्हा ससे वाढले. तो दाखला इथे लावून खोकडाला आरोपी ठरवणं चूक आहे. सोलापूरजवळ नान्नजला अबी तमीम वनक यांनी केलेल्या अभ्यासात खोकडं गवताळ आणि पडीत जमीनच पसंत करताना दिसली. पिकाखालची जमीन ती टाळत होती. म्हणजे माळ मोडला की ससा आणि खोकड, दोघांचंही घर जातं.

अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्यांना एवढीच विनंती: धुऱ्यावर तणनाशक मारू नका, आणि निदान एका बाजूचं गवत पाऊस येईपर्यंत जाळू नका.